घराचा सौदा : खरेदीदाराच्या बाजूने एक आढावा

घर विकत घेणाऱ्याची घासाघीस म्हटली, की सांगितलेल्या किमतीतून काही रक्कम कमी करवून घेणे एवढाच तिचा अर्थ सामान्यतः समजला जातो. आणि या विषयावर जे सल्लेवजा लिखाण हल्ली प्रसिद्ध होते तेही पहिला आकडा कोणी उच्चारावा, कितपत उत्सुकता दाखवावी, उठून जाण्याचा आविर्भाव केव्हा करावा, अशा डावपेचांतच रमलेले असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, जेथे एकाच इमारतीतील एकसारखी घरे एकाच वेळी विक्रीस निघतात आणि शेजारचे घर गेल्या महिन्यात काय भावाने गेले हे कोणालाही कळू शकते, तेथे ही समजूत काही अंशी तरी ग्राह्य धरता येईल. परंतु ज्या गावात दोन घरे एकसारखी नसतात, जेथे वर्षाकाठी मोजकीच घरे हात बदलतात आणि जेथे विकणारा हा बहुधा एक माणूस नसून एक पांगलेले कुटुंब असते, तेथे भावाची घासाघीस ही एकंदर वाटाघाटीतील सर्वांत सोपी आणि कित्येकदा सर्वांत कमी मोलाची बाब ठरते, असे आमचे मत आहे.

हे मत ज्या गावाकडे पाहून बनले ते अर्जुनी मोरगाव होय. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे तालुक्याचे ठिकाण. गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले, आणि नवेगावबांध व इटियाडोह या दोन मोठ्या जलाशयांच्या टापूतले. १९९९ च्या १ मेपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तहसील कचेरी, शाळा-महाविद्यालये, बँका, दवाखाने आणि धानाचा व्यापार यांच्या निमित्ताने येथे आलेला गुरुजी, परिचारिका, कारकून वा दुकानदार कालांतराने येथेच स्थिरावू इच्छितो. आणि त्याच्यापुढे जी घरे येतात ती ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. एक, जुन्या आबादीतले कवेलूचे, मातीच्या भिंतींचे, पुढे छपरी आणि मागे सांदवाडी असलेले वडिलोपार्जित घर. दुसरे, कधीकाळी धानाच्या बांध्या असलेल्या जमिनीवर पाडलेल्या प्लॉटवरील दहा-पंधरा वर्षांचे स्लॅबचे घर. आणि तिसरे, एखाद्या ठेकेदाराने विकण्याच्याच हेतूने उभारलेले नवे घर. सदनिकांचा प्रश्न येथे अद्याप गौण असल्याने त्याचा विचार या लेखात ओघाओघानेच येईल.

प्रथम भावाचा विषय हातावेगळा करू. बाजारभाव या नावाची वस्तू अशा गावात शोधू जाता तीन निरनिराळे आकडे हाती लागतात. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक 'रेडी रेकनर' म्हणतात, तो मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो; त्यावरून घराची खरी किंमत कळत नाही, फक्त कोणत्या रकमेखाली शुल्क भरता येणार नाही तेवढे कळते. दुसरा आकडा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक २ मध्ये नोंदलेला, जो कोणालाही पाहता येतो, पण ज्यात रोखीने दिलेल्या रकमेचा उल्लेख कधीच नसतो. तिसरा आकडा तहसील कचेरीच्या आवारातील अर्जनवीस, मुद्रांक विक्रेता आणि चहाच्या टपरीवरचा जाणकार यांच्या तोंडी असतो, आणि तो सत्याच्या सर्वांत जवळ असला तरी सांगणाऱ्याच्या हितसंबंधांनुसार वरखाली होतो. शहाण्या खरेदीदाराने घर पाहण्यापूर्वीच हे तिन्ही आकडे जमवून स्वतःचा एक आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण एकदा का विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा कानी पडला, की स्वतःचा अंदाज स्वतंत्र राहत नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी एकच घर निरनिराळ्या लोकांना दाखविले आणि त्याची मागणीची किंमत मात्र प्रत्येक गटाला वेगवेगळी सांगितली. तेव्हा विद्यार्थ्यांचेच काय, मालमत्तेच्या व्यवहारात मुरलेल्या दलालांचेही मूल्यमापन त्या सांगितलेल्या किमतीकडे ओढले गेले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील मार्मिक भाग असा, की आपल्या अंदाजावर त्या किमतीचा परिणाम झाला हे दलालांना बव्हंशी मान्यच नव्हते. विकणाऱ्याच्या मनाचा शोध जेनेसोव्ह आणि मायर यांनी बॉस्टनमधील व्यवहारांवरून घेतला व २००१ मध्ये मांडला : ज्याने घर महागात घेतले आणि ज्याला आता तोट्यात विकावे लागणार, तो बाजार पडलेला असतानाही चढीच मागणी धरून बसतो. आपल्याकडे हा तोटा खरेदीच्या किमतीवरून मोजला जात नाही. वडिलांनी फरशी बसविली, भावाने विहिरीवर मोटार बसविली, लग्नाच्या वेळी स्लॅब टाकला, हा सारा खर्च मनात बेरजेस लागलेला असतो. अशा माणसापुढे घराची नालस्ती करणे म्हणजे त्याच्या वडिलांची नालस्ती करणे होय. भिंतीची ओल दाखवून भाव पाडू पाहणारा खरेदीदार येथे हटकून हरतो. "घर चांगलेच आहे, पण माझी ताकद एवढीच" असे सांगणारा पुष्कळदा जिंकतो.

दलालाविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जाऊ. शिकागोच्या परिसरातील विक्रीव्यवहार तपासून लेव्हिट आणि सायव्हरसन यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की दलाल स्वतःचे घर विकतो तेव्हा ते इतरांच्या घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवितो. त्याला सौदा मोठा होण्यापेक्षा सौदा होण्यात अधिक रस असतो, एवढाच याचा अर्थ. आणि गावातला मध्यस्थ, जो दोन्ही पक्षांचा 'भाऊ' असतो व दोघांकडूनही दलाली घेतो, तो या नियमाला अपवाद नाही. त्याच्या घाईचा उपयोग विकणाऱ्याला खाली आणण्यासाठी करता येतो. मात्र आपली अखेरची मर्यादा त्याच्या कानावर घालणे म्हणजे ती विकणाऱ्याला कळविणेच होय.

काळवेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. या मुलखाचे अर्थकारण धानावर चालते. खरिपाचा धान दिवाळीच्या सुमारास कापला जातो, आधारभूत केंद्रावर त्याची मोजणी होते आणि चुकारे हाती पडेपर्यंत कित्येकदा पौष-माघ उजाडतो. तेव्हापासून लग्नसराई संपेपर्यंत घेणाऱ्यांच्या हातात पैसा असतो आणि भाव ताठ असतात. रोवणीच्या दिवसांत हेच चित्र उलटते, कारण तेव्हा बियाणे, खत व मजुरी यांनी प्रत्येकाची पिशवी रिकामी झालेली असते, आणि ज्याला विकल्यावाचून गत्यंतर नाही त्याच्याशी बोलणी करण्यास स्पर्धकच नसतो. शिवाय कवेलूचे घर आणि बांधीवरचे घर या दोहोंची खरी परीक्षा पावसातच होते. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात चैत्रात पाहिलेले घर हे अर्धेच पाहिलेले घर. भाद्रपदात अंगणात पाणी कोठे तुंबते, शेजारच्या बांधीचे पाणी जोत्यापर्यंत येते काय, फाट्याला वाळवी लागली आहे काय, हे न विचारता दिसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले, पण खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न दिसणारे, महत्त्वाचे दोष उघड केले पाहिजेत. परंतु जे डोळ्यांना दिसू शकत होते त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही, आणि अशा बाबतीत कोर्टात जाण्यापेक्षा पावसाळाभर थांबणे स्वस्त पडते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू : विकणारा कोण? छपरीत बसून चहा देणारा थोरला भाऊ भाव सांगतो, तोच कमी करतो, तोच इसार घेतो. आणि खरेदीदाराला वाटते, की सौदा झाला. वस्तुतः घर जर वडिलांच्या नावावर असेल आणि वडील मृत्युपत्र न करता निवर्तले असतील, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे आई, सारे मुलगे आणि साऱ्या मुली समान वारस होतात. घर वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींना जन्मतः सहदायाद केले. आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात दिला. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपाचा वा विक्रीचा. याचा व्यवहारातील अर्थ असा, की वडसा, साकोली, नागपूर वा पुणे येथे नांदणाऱ्या ज्या बहिणीचे नाव बोलण्यात एकदाही आले नाही, ती या सौद्यातील पूर्ण पक्षकार आहे.

या मुलखात आणखी एक बारकावा आहे, जो पश्चिम महाराष्ट्रातील वकिलांच्याही ध्यानात सहसा येत नाही. अनुसूचित जमातींना उपरोक्त अधिनियम, केंद्र शासनाने वेगळी अधिसूचना काढली नसेल तर, लागूच होत नाही. तेथे रूढीचा प्रश्न येतो. छत्तीसगडातील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना समतेच्या तत्त्वाने त्यांना वारसाहक्क मिळाला पाहिजे, असे ठरविले आहे. म्हणजे 'आमच्यात बायांना हिस्सा नसते' हे विकणाऱ्याचे बोल, ते कितीही प्रामाणिकपणे उच्चारलेले असले तरी, खरेदीदाराला संरक्षण देणार नाहीत.

एखादा भाऊ म्हणतो, 'बाकीच्यांचे मी पाहून घेईन, तुम्ही माझा हिस्सा तर घ्या.' हा मार्ग सर्वांत धोक्याचा. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला त्या घरात इतरांसह सामाईक ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ सांगते. आणि त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप अधिनियमाचे कलम ४ उरलेल्या हिस्सेदारांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीने विकत घेऊन त्याला बाहेर काढण्याची मुभा देते. घर घेतले म्हणून पेढे वाटणाऱ्याच्या हाती अखेरीस एक दावा तेवढा उरतो. वारसांत अज्ञान मूल असेल तर नैसर्गिक पालकालाही जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीखेरीज त्याची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि तशी विक्री ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करवून घेऊ शकते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वाटाघाटीची पहिली बैठक भावाची नसावी, वंशावळीची असावी. कोण कोण वारस, कोण कोठे, कोणाची हक्कसोड नोंदलेली आहे, कोण खरेदीखतावर स्वतः सही करणार आणि कोण मुखत्यारपत्र पाठविणार, हे ठरल्यानंतर जो भाव निघतो तोच खरा भाव. यात खरेदीदाराच्या हातात एक नैतिक आणि व्यावहारिक साधन येते, ज्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात : प्रत्येक वारसाच्या हिश्शाची रक्कम त्याच्या वा तिच्या स्वतःच्या खात्यात धनादेशाने देण्याचा आग्रह. बहिणीच्या खात्यात तिची रक्कम जमा झाली, की 'मला फसवून सही घेतली' हा आक्षेप पुष्कळसा निर्बल होतो. आणि बहिणीलाही, माहेरच्या घरातून लुगडे-चोळीवर बोळवण होण्याऐवजी, कायद्याने जे तिचे आहे ते मिळते. थोरला भाऊ या अटीने रुष्ट होईल हे खरे. त्याच्या रुष्टतेची किंमत म्हणून चार पैसे अधिक द्यावे लागले तरी ते द्यावेत.

दुसरा मूळ प्रश्न जमिनीचा. पूर्वीच्या मध्यप्रांतातील या भागात मालगुजारी पद्धत होती. गावचा मालगुजार हा आबादीसह साऱ्या मौजाचा मालक, आणि रहिवासी आपल्या घराचा धनी असला तरी पायाखालच्या जमिनीबाबत त्याचे स्थान दुय्यम. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, मालकी शासनाकडे गेली, आणि घरांखालची जमीन व लगतचे आवार ज्याच्या त्याच्या ताब्यात कायम राहिले. तथापि आबादीतील घरांची स्वतंत्र मोजणी पुष्कळ गावी झालीच नाही. परिणामी कित्येक पिढ्या राहत्या घराचा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, जो मुळात घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाणाच्या मोजणीचा जो प्रयोग महाराष्ट्राने केला, त्याच धर्तीवर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावोगावी घरमालकांना सनदा व मिळकतपत्रिका मिळू लागल्या. जेथे ही मोजणी झाली आहे तेथे खरेदीदाराने मिळकतपत्रिकेशिवाय बोलणीच करू नये. जेथे झालेली नाही, अथवा गाव नगर पंचायतीत गेल्याने निराळी व्यवस्था आहे, तेथे जुनी खरेदीखते, चतुःसीमा आणि शेजाऱ्यांच्या सह्या यांवर भिस्त ठेवावी लागते. मराठेशाहीत मिरासीची विक्री गोतापुढे व शेजाऱ्यांच्या साक्षीने होत असे, ती काही केवळ हौस नव्हती; पूर्वेस अमुकाचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, हे ज्या शेजाऱ्याने मान्य केले तो उद्या भिंतीवरून भांडणार नाही, हा त्यातला हिशेब आजही तितकाच खरा आहे.

बांधीवर पाडलेल्या प्लॉटचे दुखणे निराळे. अकृषक परवाना आहे काय, रेखांकन मंजूर आहे काय, की शेताचे नुसते तुकडे पाडून शेतीच्याच सातबाऱ्यावर नावे चढविण्याचे आश्वासन आहे, हे पाहावे लागते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने असे अनेक व्यवहार वर्षानुवर्षे अडकून पडले. खातेदार अनुसूचित जमातीचा असेल किंवा मूळ खाते तसे असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६-अ आडवी येतात, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज, व १९७४ पासूनच्या तरतुदीने शासनाच्या पूर्वमान्यतेखेरीज, बिगर-आदिवासीला विक्री होऊच शकत नाही. तलावाच्या पाळीला वा बोडीला लागून असलेली जागा निस्तारपत्रकात गावाच्या सामाईक वहिवाटीची म्हणून नोंदलेली असू शकते. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन दफ्तरे पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या खरेदीदाराने कधी पाहिलेली नसतात, आणि विकणारा आपणहून ती दाखवीत नाही.

या साऱ्यांवर कडी करणारी बाब झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरांत विरळ झाडोऱ्याच्या ज्या जमिनी या नावाने नोंदल्या गेल्या, त्यांवर पुढे घरे झाली, शाळा झाल्या, कचेऱ्याही झाल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्या आदेशाच्या अनुरोधाने वनच मानल्या जातील असे ठरविले. त्या तारखेपूर्वीच्या वापराला केंद्राच्या मान्यतेने नियमित होण्याचा मार्ग खुला ठेवला, परंतु नंतरच्या वाटपांबाबत कठोर भूमिका घेतली. तेव्हा घर किती वर्षांचे आहे हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यात केवळ भिंतींच्या मजबुतीचा राहिलेला नाही. गटाची जुनी नोंद मिसळ बंदोबस्तापासून काढवून घ्यावी, तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा आणि पंधरा दिवसांच्या मुदतीची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी. या तिन्हींचा खर्च कोणी सोसायचा हाही वाटाघाटीचाच विषय आहे, आणि आमच्या मते तो खरेदीदाराने आनंदाने स्वतः सोसावा, कारण ज्याने वकील नेमला त्यालाच वकील खरे सांगतो.

येथेच बँकेच्या कर्जाचा एक अनपेक्षित उपयोग दिसतो. रोखीने घेणारा आपल्याला बलवान समजतो व त्या बळावर भाव पाडतो. पण कर्ज घेणाऱ्याच्या घराची कागदपत्रे बँकेचा वकील स्वतःच्या पक्षकाराच्या पैशासाठी तपासतो. बँकेने नाकारलेले घर स्वस्तात मिळते, यात नवल नाही. ते स्वस्त का आहे, हे मात्र बँकेने सांगूनच टाकलेले असते.

इसाराचा विषय आता पाहू, कारण वाटाघाटीचे रूपांतर बंधनात होते ते याच क्षणी. आपल्याकडची रीत अशी, की भाव ठरला की त्याच संध्याकाळी, मुहूर्त बरा आहे म्हणून, काही रक्कम विकणाऱ्याच्या हातावर ठेवली जाते आणि पूर्वी शंभराच्या, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेच्या, मुद्रांकावर सौदाचिठ्ठी लिहिली जाते. जगात इतरत्र या क्षणाभोवती निरनिराळे बांध घातलेले आहेत. इंग्लंडात करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधला जात नाही, त्यामुळे अधिक बोली आली की विकणारा खुशाल फिरतो. स्कॉटलंडात उलटपक्षी पत्रोपत्री मान्य झालेली बोली लवकर बंधनकारक होते, आणि २००८ च्या डिसेंबरपासून घराच्या स्थितीचा अहवाल विकणाऱ्यानेच आधी सादर करावा लागतो. फ्रान्समध्ये खरेदीदाराला सही केल्यावरही दहा दिवस विनाकारण माघार घेता येते. आपल्याकडे असा पुनर्विचाराचा अवधी कायद्याने दिलेला नाही. म्हणून तो सौदाचिठ्ठीत लिहून घ्यावा लागतो. 'शोध अहवाल निर्वेध न निघाल्यास, सर्व वारसांच्या सह्या न मिळाल्यास, अथवा बँकेने कर्ज नाकारल्यास इसाराची संपूर्ण रक्कम परत' हे एक वाक्य दहा-वीस हजारांच्या सुटीपेक्षा कितीतरी मौल्यवान आहे, आणि ते मिळविण्यासाठी भावात थोडे वर जाण्याची तयारी दाखविणे हा सौद्यातला उत्तम अदलाबदलीचा प्रकार होय.

इसार लहान असावा, याला दिल्लीतील एका जुन्या व्यवहाराचा आधार आहे. १९४९ मध्ये एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला. १,००० रुपये इसार म्हणून आणि २४,००० रुपये ताबा देताना दिले गेले. पुढे खरेदी झाली नाही, आणि विकणाऱ्याने पंचवीसही हजार जप्त करू पाहिले. फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या नावाने १९६३ मध्ये निकालात निघालेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपये इसाराची जप्ती मान्य केली, २४,००० ची केली नाही. तेव्हा कोणती रक्कम इसार आणि कोणती किमतीपोटी आगाऊ, हे चिठ्ठीत वेगळे लिहिणे खरेदीदाराच्या हिताचे असते. ठेकेदाराच्या नोंदणीपात्र प्रकल्पात तर स्थावर संपदा अधिनियम २०१६ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही; परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंतच घरांचे प्रकल्प या नोंदणीतून सुटलेले असल्याने अर्जुनी मोरगावच्या ठेकेदाराला ही वेसण सहसा लागत नाही.

सौदाचिठ्ठीने घर आपले होत नाही. विक्रीचा करार मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. करारासोबत आममुखत्यारपत्र घेऊन मालक झाल्याच्या समजुतीचा तर २०११ च्या सूरज लॅम्प निर्णयाने निकालच लावला. मात्र खरेदीदार अगदी निराधारही नाही. दिलेल्या रकमेपुरता मिळकतीवर त्याचा बोजा कलम ५५ ने मान्य केलेला आहे, आणि विकणारा फिरला तर विनिर्दिष्ट अंमलबजावणीचा दावा, ज्यातील न्यायालयाचा स्वेच्छाधिकार २०१८ च्या दुरुस्तीने पुष्कळसा आकुंचित झाला, ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावता येतो. त्यात आपण पैसा घेऊन सदैव तयार होतो हे सिद्ध करावे लागते. यास्तव करारात तारीख असावी, आणि त्या तारखेला खात्यात पैसे असावेत.

रोख रकमेबद्दल थोडे परखडपणे लिहिणे प्राप्त आहे. 'अर्धे वर, अर्धे खाली' अशी मागणी विकणाऱ्याकडून येते तेव्हा ती सवलतीच्या वेषात येते : तुमचे मुद्रांक शुल्क वाचेल. वस्तुतः शुल्क मूल्यदर तक्त्याप्रमाणे अथवा लिहिलेल्या मोबदल्याप्रमाणे, जे अधिक असेल त्यावर आकारले जाते, त्यामुळे बचत पुष्कळदा नाममात्र असते. नोंदणी फी तर तीस हजारांवर जातच नाही. खरेदीदार स्त्री असेल तर राहत्या घरावरील शुल्कात राज्याने २०२१ पासून एक टक्क्याची सूट दिली आहे. उलट जे कागदावर नाही ते सौदा फिसकटल्यास परत मागता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, आणि पुढे विकताना तोच फरक आपला नफा म्हणून करपात्र होतो. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१५ च्या जूनपासून मनाई आहे, आणि तितक्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्यावर बसतो. हा मुद्दा खरेदीदाराने नम्रपणे सांगावा. 'काका, यात दंड तुम्हांलाच आहे', हे वाक्य बैठकीत पुष्कळ काम करते.

खरेदीखताचा दिवस हा वाटाघाटीचा शेवट समजला जातो. वस्तुतः तो तिचा शेवटून दुसरा टप्पा असतो. दुय्यम निबंधकापुढे अंगठा उमटण्यापूर्वी विजेच्या व घरपट्टीच्या थकबाकीच्या पावत्या, सोसायटीच्या वा बँकेच्या बोजाची बेबाकी, आणि घर रिकामे झाल्याची प्रत्यक्ष खात्री झाली पाहिजे, कारण सही होताच विकणाऱ्याची निकड संपते व खरेदीदाराची सुरू होते. धान्याची कोठी, जुना पलंग आणि एक वृद्ध आत्या घरात राहून गेल्या, म्हणून ताबा दोन पावसाळे लांबल्याची प्रकरणे तालुक्याच्या कोणत्याही कोर्टात ऐकावयास मिळतात. फेरफार मंजूर होऊन कर आकारणीच्या नोंदीवर आपले नाव चढेपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवावा काय, यावर गावातील वकिलांत मतभेद आहे. विकणारा म्हणतो, सही केली म्हणजे पूर्ण पैसे हवेत. पण विक्री ही दिलेल्या, देण्याचे वचन दिलेल्या वा अंशतः दिलेल्या किमतीच्या मोबदल्यातही होते, आणि न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा बोजा मिळकतीवर कायद्यानेच राहतो, तेव्हा त्याचे नुकसान काहीच नाही. ही राखीव रक्कम दोघांच्या विश्वासातील वकिलाकडे पुढच्या तारखेच्या धनादेशाच्या रूपाने ठेवावी, खरेदीखतात तसा उल्लेख करावा, आणि फेरफाराची मंजूर नक्कल हाती येताच तो धनादेश विकणाऱ्याच्या स्वाधीन व्हावा, अशी व्यवस्था आम्हांस सर्वांत वाजवी वाटते. ती इसाराच्या दिवशीच बोलून ठेवावी लागते, कारण निबंधकाच्या बाकावर बसल्यानंतर ती काढली तर दोन्ही बाजूंचे साक्षीदार उठून जातात.